ठमीची थैली

सकाळी खुराडं उघडलं,
पाचही जणी उतरल्या, ठमी नाही.
मान वाकडी करून, कोरडाच घोट गिळत
कोपऱ्यात बसलेली.
हात घातला गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला:
लिंबाएवढी नाही, चांगली मोसंबीएवढी गाठ,
घट्ट मळलेल्या कणकेसारखी,
बोट दाबलं की खड्डा तसाच.

शेवंता म्हणाली, कूलर पाहा.
पाहिलं. खालच्या ताटीतला खस
वीतभर ओरबाडलेला.
मे महिना, पाचपावलीत सेहेचाळीस,
ओलं, गार काही दिसलं असेल,
उपसत राहिली असेल दुपारभर.

आठ वर्षांची आहे. दोन वर्षांत अंडं नाही.
शेजारचा प्रज्वल कुंपणावरून म्हणतो,
"काका, काहून जीव काढता? तर्री करा ना मस्त."
मला ऐकू येत नाही असं मी दाखवतो.

सेमिनरी हिल्सकडच्या जनावरांच्या दवाखान्यात
शिकाऊ डॉक्टरणीने वजन केलं,
कागदावर लिहिलं: पाळक, हरिदास डोमाजी नंदेश्वर.
रुग्णाचं नाव विचारलं नाही. मीच सांगितलं.
ती हसली, मग वर जागा करून लिहिलं.
"उलटी धरू नका. आतलं श्वासात गेलं तर मरते.
रात्री दाणा बंद. कोमट पाणी, तेलाचे चार थेंब,
आणि चोळा. हळू. घाई नाही.
पहाटे पाहा रिकामी झाली का, काही खायच्या आधी."

मग आम्ही असे, रात्री, ओट्यावर.
ती टॉवेलात, पंखांसकट गुंडाळलेली.
चाळीस वर्षं कापड वाचलेली ही बोटं
कातड्याखाली एकेक काडी चाचपतात,
अस्तरात राहून गेलेली टाचणी शोधावी तसं.
आत काहीतरी करकरतं. सैल होतं. पुन्हा दगड.
चोचीला शिळ्या आंबिलीचा वास.
एक डोळा माझ्यावर ठेवून असते ती,
न भ्यालेला, न आभारी.

मेडिकलमध्ये मलाही असंच मोजलं होतं.
"आ करा." बोटं घालून पाहिली: दोन.
धडक्या माणसाची तीन जातात म्हणे.
दिवसाला किती खर्रे, विचारलं,
आणि मी शिवलेल्या शर्टांचा हिशेब द्यावा
तसा आकडा सांगून मोकळा झालो.
तेव्हापासून ताटात मऊ भात, घोटलेलं वरण,
संत्र्याची फोडसुद्धा शेवंता सोलून, बी काढून.
माझ्या बाबतीत कुणी म्हटलं नाही,
तर्री करा.

तीन रात्री गेल्या. चौथ्या पहाटे
टॉर्च मला दातांत धरता येईना, शेवंताने धरला.
हात घातला: थैली रिकामी,
पिळून वाळत घातलेल्या मोज्यासारखी.
खाली वर्तमानपत्रावर हिरवं-काळं, त्यात खसाची कुसळं.
मी बघतच राहिलो.
"फोटो काढता का आता त्याचा?" शेवंता म्हणाली.

पण म्हातारं कातडं पुन्हा आवळत नाही.
संध्याकाळी दाणे पोटात गेले की थैली लोंबते,
चालताना पायांत येते.
मग टेप घेतला. छाती चौदा.
पंखांना मुंढे कापले, पुढे एक चुणी,
शेवंताच्या पोपटी ब्लाऊजचं अस्तर, मागे तीन हूक.
पहिलं फिटिंग घट्ट झालं, उसवलं.
दुसरं बसलं.

आता ती अंगणात पोपटी फिरते.
बाकीच्या टोचायला येतात, बिचकून थांबतात.
प्रज्वल मोबाइल काढतो. काढू दे.
कूलरला बारीक जाळी ठोकली.
रोज रात्री हूक सोडायचे, थैली चाचपायची,
मऊ भात थोडा तिला, थोडा मला,
एकाच वाटीतून नाही, शेवंता ओरडते.

काल मधला हूक तुटला.
बटणांच्या डबीत शोधतो आहे,
त्या मापाचे हल्ली मिळत नाहीत.